भुतांचे चीफ इंजिनिअर

सिंगापूरच्या मरीन परेड भागातल्या आमच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, हॅलोवीन का साजरा होतो, हे कुणालाच सांगता आलं नसतं. राहणाऱ्यांत चिनी होते, मलय होते, आम्ही भारतीय होतो, दोन-तीन जपानी कुटुंबं होती. यांपैकी एकाच्याही आजीने कधी भोपळा कोरला नव्हता. पण सुपरमार्केटने ठरवलं होतं आणि आम्ही पाळत होतो. ऑक्टोबर लागला की लॉबीत नारिंगी फुगे, प्लॅस्टिकचे सांगाडे आणि स्प्रेच्या डब्यातून निघणारी कोळ्याची जाळी यायची. सकाळी लिफ्टमधून उतरलेला माणूस केसांत जाळी घेऊन ऑफिसला जायचा आणि दुपारी चांगी बिझनेस पार्कच्या मीटिंगमध्ये ती कुणीतरी त्याला काढून द्यायचं. आम्ही निमूट लोक होतो. दर दोन वर्षांनी वाढणारं भाडं आणि दरवर्षी येणारा हॅलोवीन, दोन्ही आम्ही सारख्याच चेहऱ्याने सोसत होतो.

दिघे निमूट नव्हते.

ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे मुरूडकडचे, मरीन इंजिनिअर. उमेदीची सगळी वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये घालवून, गुडघे कुरकुरायला लागल्यावर किनाऱ्यावरची नोकरी धरून इथे आले होते. सगळे त्यांना चीफ म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. बंदरात आलेल्या जहाजावर जायचं आणि तिथल्या इंजिनिअरांनी रंग मारून काय काय लपवलंय ते शोधून काढायचं, हे त्यांचं काम. हे काम ते घरी आल्यावरही थांबवत नसत. बुटके, रुंद, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी छोटा टॉर्च. कॉन्डोच्या लॉबीत उभे राहून ते छताकडे टॉर्च मारायचे आणि म्हणायचे, "उत्तम."

'उत्तम' ही त्यांच्याकडची सर्वांत जड शिवी होती. गळणाऱ्या पाइपला उत्तम, माझ्या सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीला उत्तम, दोन वर्षांत तिसऱ्यांदा खणलेल्या रस्त्यालाही उत्तम. 'फारच छान' म्हणाले तर प्रकरण दुरुस्त होण्यासारखं आहे असं समजायचं. एखादी गोष्ट खरोखर आवडली तर ते काहीच बोलत नसत, फक्त जवळ जाऊन वाकून बघत.

हॅलोवीनशी त्यांचा संबंध आला तो एका सांगाड्यामुळे. अॅक्टिव्हिटी कमिटीने जिन्याच्या दाराला, म्हणजे आग लागल्यावर ज्यातून पळायचं त्या दाराला, एक पुरुषभर उंचीचा सांगाडा साखळीने बांधला होता. चीफनी तो सोडवला, काखेत मारला आणि रहिवाशांच्या मीटिंगमध्ये आणून शेजारच्या खुर्चीवर बसवला. मग इंग्रजीत, अगदी सभ्यपणे सांगितलं, "हे गृहस्थ फायर एक्झिटपाशी उभे होते. कुठल्या मजल्यावर राहता म्हणून विचारलं, बोलत नाहीत. आग लागल्यावर बाजूला होतील का, तेवढं कमिटीने त्यांना विचारून घ्यावं."

लोक हसले. कमिटीच्या प्रमुख मिसेस लिम हसल्या नाहीत. त्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या आणि अशा माणसांचं काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. "मिस्टर दिघे, यू हॅव सो मेनी आयडियाज. यू हेल्प अस लाह," त्या इथल्या इंग्रजीचं शेपूट लावून म्हणाल्या. " सहा वर्षांखालची मुलं तुम्ही बघा."

सहा वर्षांखालची मुलं कुणालाच नको असत. ती रडतात, चड्डीत करतात, हाताला लागेल ते तोंडात घालतात. चीफ नाही म्हणणार आणि विषय संपणार, एवढाच त्या बोलण्याचा अर्थ होता. चीफ म्हणाले, "फाइन." आणि सांगाड्याला काखेत घेऊन घरी गेले.

चीफची बायको, माधवीवहिनी, दुसऱ्या दिवशी मला लिफ्टमध्ये भेटल्या. "हे आणि लहान मुलं," त्या म्हणाल्या. "आमचा निखिल यांना एकदम शाळेत जाणाराच मिळाला. आधीचा सगळा काळ यांचा बोटीवर गेला. एकदा सुट्टीवर आले तर पोरगा यांना बघून पलंगाखाली शिरला. बाहेर यायला दोन दिवस लागले. तोवर यांची परत जायची वेळ झाली." हे त्या हसत सांगत होत्या. निखिल तेव्हा कॅनडात शिकत होता आणि बापाशी फोनवर मुख्यतः हवामानावर बोलत असे.

त्या वर्षी आयांच्या गटाने आधीच सगळं ठरवून टाकलं होतं. गटाची सूत्रं रश्मीकडे होती. रश्मी पुण्याची, जाहिरातीच्या कंपनीत, आणि ती क्रिएटिव्ह आहे असं ती पहिल्या भेटीत सांगायची, म्हणजे नंतर गैरसमज नको. तिने इंटरनेटवरून खेळ उतरवले होते. फंक्शन रूमला काळे पडदे लावून हॉन्टेड हाउस केलं. स्पीकरवर किंकाळ्या लावल्या. अंधारात एका खोक्यात हात घालायचा, आत सोललेली लोंगन, म्हणजे लिचीची धाकटी बहीण. ते भुताचे डोळे. दुसऱ्या खोक्यात भिजवलेल्या तांदळाच्या शेवया. ती भुताची आतडी. आणि पडद्यामागे सात-आठ बाबा पांढऱ्या चादरी पांघरून उभे. हे सगळं तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, ज्यांना अजून स्वतःच्या संडासाच्या फ्लशचीही भीती वाटते.

पहिली तुकडी आत गेली आणि स्पीकरवरच्या किंकाळ्या ऐकू येईनाशा झाल्या, कारण खऱ्या त्याहून मोठ्या होत्या. चेटकिणीची टोपी घातलेली माझी सई माझ्या पायाला चिकटून "गो होम, गो होम" करत होती. एक छोटा ड्रॅक्युला जमिनीवर आडवा पडला होता आणि त्याच्याखाली ओल पसरत होती. आया मोबाइल वर धरून चित्रीकरण करत होत्या. "सो क्यूट," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात खोलीतल्या सगळ्या ट्यूबलाइट लागल्या. दारात चीफ. अंगात जहाजावर कामाला घालायचा बॉयलर सूट, हात बटणावर.

"उत्तम," ते म्हणाले.

मग ते खोलीच्या मधोमध जमिनीवर बसले. गुडघ्यांमुळे त्यांना बसायला वेळ लागला आणि मुलं रडणं थांबवून ते बसणं बघत राहिली. बसल्यावर त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "यू. कम आउट." एक चादर बाहेर आली. चीफनी ती ओढली. "हे भूत नाही. हे मिस्टर टॅन, ब्लॉक बी. मिस्टर टॅन, तुम्ही कशाला घाबरता?"

मिस्टर टॅन गोंधळले. "कॉक्रोच," ते खालच्या आवाजात म्हणाले.

एका मुलाला हसू आलं. मग चीफनी एकेक चादर ओढून एकेका बापाची अशीच ओळख करून दिली. कुणी पालीला घाबरत होतं, कुणी बॉसला, आणि एकाने मुलांच्या देखत सांगितलं की तो मिसेस लिमना घाबरतो. भुताचे डोळे उजेडात आणले गेले. "व्हॉट इज धिस?" "लोंगन." "मग बघता काय, खा." मुलांनी डोळे खाल्ले. आतडी सांडली. शेवटी चीफ म्हणाले, "आता अंधार करायचा आहे. बटण कोण बंद करणार?" त्यानंतर अर्धा तास तोच एक खेळ चालला. एकाने बटण बंद करायचं, सगळ्यांनी ओरडायचं, दुसऱ्याने लावायचं. बटणासाठी मारामाऱ्या झाल्या. सईने चार वेळा नंबर लावला.

रश्मी भयंकर दुखावली. "चीफ, सगळी थीमच गेली हो."

"थीम रडत होती मॅडम," चीफ म्हणाले. "त्या कोपऱ्यात तर तिने शू पण केली."

तेव्हापासून सहा वर्षांखालचा हॅलोवीन त्यांच्या ताब्यात गेला. त्यांचा नियम एकच होता: घाबरवायचं मुलांनी, घाबरायचं मोठ्यांनी. फंक्शन रूममध्ये गाद्या अंथरून त्यावर एक खुर्ची ठेवायची. खुर्चीत एक बाबा बसवायचा. मुलांनी एकेक करून येऊन "बू" करायचं आणि बाबाने दचकून खुर्चीसकट आडवं व्हायचं. ऐकायला हे सोपं वाटतं. चीफ आधीच्या रविवारी बाबांची चाचणी घेत. बँकांचे व्हाइस प्रेसिडेंट, प्रॉजेक्ट मॅनेजर, सगळे रांगेत उभे. ज्याचं लक्ष मोबाइलमध्ये गेलं तो बाद. जो नुसतं "ओह" म्हणून हसला तो बाद. "तुम्ही ऑफिसात डेडलाइन आली की कसे दिसता, तसे दिसा," ते सांगत. मग स्वतः बसून दाखवत. इतक्या जड माणसाला इतकं हलकं पडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आधी डोळे जात, मग खांदे, मग पाय वर, आणि सगळा माणूस धप्पकन मागे.

बाकीचे खेळही त्यांनी असेच तपासून घेतले. टबातल्या पाण्यात सफरचंदं सोडून ती तोंडाने पकडायचा खेळ पहिल्या फटक्यात रद्द झाला. "एका टबात सगळ्यांच्या लाळा. उत्तम. मग हँड फूट माउथच्या फोडांची साथ कुठून आली म्हणून चाइल्डकेअर बंद करा." टॉयलेट पेपर गुंडाळून ममी करायची, पण ममी मोठ्या माणसाची, मुलांची नाही. भोपळा कोरायला सुरी मुलांच्या हातात देता येत नाही, म्हणून त्यांनी कॉन्डोतल्या गोल्फवाल्यांकडून चेंडू ठेवायच्या लाकडी खुंट्या मागवल्या आणि मुलांना छोट्या लाकडी हातोड्या दिल्या. पोरं तासभर भोपळ्याला खुंट्या ठोकत बसत. डोळे कुठे, नाक कुठे, कशाचा कशाला पत्ता नसे. चीफ प्रत्येक भोपळ्याजवळ जाऊन वाकून बघत. सिंगापूरच्या उकाड्यात तिसऱ्या दिवशी ते भोपळे बसत आणि लॉबीभर वास सुटे. तेवढी एक भीती मात्र खरी असे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे आलेल्या कुलकर्ण्यांनी चीफना कोपऱ्यात गाठलं. कुलकर्णी क्वीन्सटाउनला राहायचे, संस्कृती जपायचे, आणि मुलांशी इंग्रजीत बोलायचे. "दिघेसाहेब, आपल्या मुलांच्या माथी ही पाश्चात्त्य भुतं कशाला? आपला काही वारसा आहे."

चीफनी चकली पूर्ण खाल्ली. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "मला हे आधी सुचायला हवं होतं. आमच्या कोकणात तर भुतांना जागा पुरत नाही. हडळ आहे, मुंजा आहे, वेताळ आहे. पुढच्या वर्षी सगळी आपलीच घेऊ. तुम्ही वेताळ."

"मी?"

"पोट तुमचंच आहे. बाकी सगळे जिमला जातात."

पुढच्या ऑक्टोबरात कुलकर्णी खरोखरच आले. घोंगडी कुठून मिळवली कोण जाणे. खुर्चीत बसले, आणि मधमाशी झालेल्या एका दोन वर्षांच्या मुलीने त्यांना "बू" केलं तेव्हा असे पडले की घोंगडी एकीकडे आणि चष्मा एकीकडे. त्यानंतर ते संस्कृतीबद्दल चीफशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी पडायला मिळेल का, एवढंच विचारत होते.

पण त्या वर्षी हे सगळं होण्याआधी दुसरी एक गोष्ट घडली होती. आमच्याच मजल्यावरचा अभिजित पावसाळी ढगांच्या एका सकाळी ईस्ट कोस्टला पळायला गेला आणि तिथेच कोसळला. चाळिशीही आली नव्हती. मागे अश्विनी आणि चार वर्षांची अन्वी. अश्विनीने नोकरी होती म्हणून इथेच राहायचं ठरवलं. आम्ही सगळ्यांनी डबे दिले, पहिले काही आठवडे.

ऑक्टोबरात स्विमिंग पूलपाशी आयांची बैठक बसली. अन्वीला या वर्षी बोलवू नये, असं रश्मीने मांडलं. सांगाडे, थडगी, भुतं, त्या पोरीला काय वाटेल? आपण सेन्सिटिव्ह असायला हवं. सगळ्यांनी माना हलवल्या. तिच्या मजल्यावर, म्हणजे आमच्याही, पोस्टर लावायचं नाही असंही ठरलं.

शेजारीच चीफ टबात गाद्यांच्या खोळी बुचकळत होते. "उत्तम," ते म्हणाले. "म्हणजे बाप गेला, म्हणून आता भोपळाही काढून घ्यायचा."

"तसं नाही हो चीफ," रश्मी म्हणाली.

"मग कसं? तिला विचारलंत?"

कुणीच विचारलं नव्हतं. त्याच संध्याकाळी ते माधवीवहिनींना घेऊन अश्विनीकडे गेले. तिथे काय झालं ते अश्विनीने मला पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं. चीफनी आधी तिची परवानगी घेतली, मग अन्वीसमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले की भुतांचा खेळ आहे, यायचंय का.

अन्वीने विचारलं, "घोस्ट इज डेड पीपल, राइट?"

"लोक तसं म्हणतात."

"माय पापा इज डेड पीपल." मग तिने थोडा विचार केला. "पापा विल कम ऑर नॉट?"

वहिनींनी अश्विनीचा हात धरला. चीफकडे उपरोध सोडून दुसरी भाषा आहे की नाही, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

"आय डोन्ट थिंक सो," ते म्हणाले.

"यू शुअर ऑर नॉट?"

"माझा एक मित्र बोटीवर वारला," चीफ तिला इंग्रजीत, सावकाश सांगत होते. "आम्ही दोघं एकाच इंजिनरूममध्ये काम करायचो. मी त्याची वाट बघितली. टॉर्च घेऊन सगळीकडे बघितलं. तो आला नाही."

"यू क्राय?"

"येस."

"देन?"

"मग एक पंप बिघडला. तो दुरुस्त करायला मी एकटाच होतो. केला."

अन्वीला हे उत्तर पुरेसं वाटलं असावं. ती उठली, आत जाऊन पाणी पिऊन आली आणि म्हणाली, "मला परी नको. मला स्केलेटन व्हायचंय."

"ठीक आहे," चीफ म्हणाले. "पण हाडं जागच्या जागी लागली पाहिजेत. वाकडं काम चालणार नाही." पुढचा शनिवार त्या दोघांनी एका काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या चिकटवण्यात घालवला. वहिनी म्हणाल्या, बरगड्यांवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि अन्वी जिंकली.

पार्टीच्या दिवशी तो छोटा सांगाडा फंक्शन रूममध्ये आला. सगळ्यांनी आधी अन्वीकडे, मग अश्विनीकडे आणि मग जमिनीकडे पाहिलं. अन्वी रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा खुर्चीत चीफ होते. ती त्यांच्या अगदी जवळ गेली, उभी राहिली, आणि ओरडली नाही. नुसतं, कुणाला सांगू नका अशा आवाजात म्हणाली, "बू."

चीफ पडले. खुर्ची उलटली, ते गादीवरून घरंगळत भिंतीपर्यंत गेले.

"अगेन," अन्वी म्हणाली.

ते उठले, खुर्ची सरळ केली, बसले आणि पुन्हा पडले. "अगेन." मागची रांग थांबली होती, पण एकही मूल कुरकुरलं नाही. किती वेळा पडले ते कुणी मोजलं नाही. शेवटी शेवटी ते उठताना खुर्चीचा आधार घेत होते, शर्ट घामाने अंगाला चिकटला होता, आणि अन्वी पोट धरून हसत होती. अश्विनी भिंतीला टेकून रडत होती, हसतही होती. रश्मीने मोबाइल पर्समध्ये ठेवला. तिला त्या वर्षी काहीच क्यूट म्हणता आलं नाही.

नंतर दोन महिने चीफ लंगडत होते. कुणी चौकशी केली की म्हणत, "गुडघा? उत्तम आहे."

पुढच्या वर्षी जहाजांचा धंदा बसला. बंदराबाहेर रिकामी जहाजं नुसती उभी असायची, ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावरून ती दिवसाही मोजता आली असती. आम्हाला तो एक छान देखावा वाटायचा, फोटो काढायचो. चीफच्या ऑफिसातली माणसं एकेक करून कमी होत होती, हे ते बोलले नाहीत आणि आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. ऑक्टोबरात नेहमीप्रमाणे बाबांची चाचणी झाली, भोपळे आले, हातोड्या निघाल्या. पार्टीनंतर मी गाद्या उचलायला मदत करत होते तेव्हा म्हटलं, "पुढच्या वर्षी मुलं वाढतील चीफ, एक खुर्ची पुरायची नाही."

"दोन ठेवा," ते म्हणाले. "एक मिसेस लिमना द्या. त्या पडल्या तर मला फोटो पाठवा."

मग कळलं. नोकरी महिन्याच्या सुरुवातीलाच गेली होती. त्याबरोबर इथे राहायचा पासही रद्द झाला होता आणि देश सोडायची मुदत त्या आठवड्यात संपत होती. अर्धं सामान आधीच मुरूडच्या वाटेला लागलं होतं. माधवीवहिनी म्हणाल्या, "पार्टी होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणाले. लोक उगाच डबे आणून देतील, म्हणाले."

निघाले त्या सकाळी मी सईला चाइल्डकेअरच्या व्हॅनपाशी सोडायला खाली उतरले होते. पोर्चमध्ये टॅक्सी उभी होती, बॅगा चढल्या होत्या, वहिनी मागच्या सीटवर बसल्या होत्या. चीफ बाहेर होते. प्रवासासाठी नवा कडक शर्ट घातला होता. टॅक्सीमागे मुलांची व्हॅन अडकली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. चीफ त्याला जरा थांब म्हणून सांगायला मागे गेले. व्हॅनच्या खिडकीतून आत बघितलं आणि तिथेच थांबले. मग दार सरकवून आत चढले.

"चीफ, विमान," वहिनींनी टॅक्सीतून हाक मारली.

ते वाकून एकेका सीटपाशी जात होते आणि मुलांचे पट्टे ओढून बघत होते. सैल असेल तो आवळत होते, सुटा असेल तो लावत होते. ड्रायव्हर काहीतरी पुटपुटत होता. मुलांना यात काही नवल वाटलं नाही, चीफ अंकल काहीही तपासतात हे त्यांना माहीत होतं. सगळ्यात मागे अन्वी होती. तिचा पट्टा ओढून पाहिल्यावर ते तिला म्हणाले, "उद्यापासून हे ड्रायव्हर अंकल बघतील. त्यांनी बघितलं नाही, तर तू गाडी सोडू द्यायची नाहीस."

अन्वीने ड्रायव्हरकडे पाहिलं. तो चांगलाच आडदांड होता. मग तिने चीफकडे पाहिलं.

"कॅन आह?" तिने विचारलं, म्हणजे असं करता येतं का.

"कॅन," चीफ म्हणाले, आणि दाराची दांडी धरून, आधी एक पाय मग दुसरा, असे व्हॅनमधून उतरले.